परसातली भाजी, पावसाच्या हिशेबाने: गोव्यात नव्याने आलेल्यांसाठी

मी मिरजेची. लग्न होऊन फोंडा तालुक्यात आले तेव्हा घरामागे चार माड, एक विहीर आणि बरेचसे मोकळे परस होते. माहेरी पहिला पाऊस झाला की मेथी-कोथिंबीर टाकायची, म्हणून इथेही जूनमध्ये टाकली. आठ दिवसांत निम्मे बी वाहून अंगणाच्या कोपऱ्यात जमले आणि उगवले ते कुजले. दुसऱ्या वर्षी वांगी लावली. ती फुलावर आली आणि एका दुपारी हिरवीगार असतानाच मान टाकून बसली. तिसऱ्या वर्षी मे संपता संपता घातलेल्या सांडग्यांना बुरशी आली.

तिन्ही वेळा चूक एकच होती. पाय गोव्यात होते, पण डोक्यात माती घाटावरची आणि पाऊसही घाटावरचा. पुढे सासूबाईंच्या मागे मागे फिरून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगावकडून इथे येऊन परस असलेले घर घेतलेल्यांची तरी अशी तीन वर्षे वाया जाऊ नयेत.

१. आधी पाऊस समजून घ्या

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे. म्हणजे चार महिने पाणी बाहेर कसे काढायचे याची चिंता आणि आठ महिने पाणी कुठून आणायचे याची.

म्हणून इथल्या परसाला दोन हंगाम आहेत. पावसाळ्यात वेल आणि भेंडी. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की पालेभाज्या, वांगी, मिरची, मुळा, वाल. नव्या माणसाने सुरुवात चवथीनंतरच करावी, असे माझे ठाम मत आहे. जूनमध्ये उत्साहाने सुरू केलेली बाग जुलैच्या एका झडीत संपते आणि माणूस पुन्हा कुदळीला हात लावत नाही.

२. जागा आणि विचारपूस

घर भाड्याचे असेल तर भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, विचारल्याशिवाय झाड तोडू नका आणि कायमचे झाडही लावू नका. भाजीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. घरच्या भाजीसाठी कसलाही कागद लागत नाही. पुढे कृषी खात्याच्या योजना घ्यायच्या असतील तर मात्र कृषी कार्ड आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा यांची विचारणा होते. ते काम तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात होते.

एक पूर्ण दिवस ऊन कुठे किती वेळ येते ते बघा. वांगी, मिरची, भेंडी यांना सहा तास तरी सरळ ऊन हवे. माडा-पोफळीच्या सावलीत ही झाडे नुसती उंच होतात. तिथे हळद, आले, अळू, सुरण लावा. माडाच्या बुंध्यापासून दोन मीटर सोडूनच वाफा काढा. तिथे मुळांचे जाळे असते, आणि नारळ डोक्यावर पडण्याची भीती वेगळीच.

समुद्राजवळ किंवा खाजनाच्या, म्हणजे भरतीचे खारे पाणी येते त्या सखल जमिनीच्या, काठाला राहत असाल तर मार्च-एप्रिलमध्ये विहिरीचे पाणी चाखून बघा. मचूळ लागले तर उन्हाळ्यात मिरची आणि वाल यांच्या नादी लागू नका.

३. माती: इथे घाई करू नका

किनाऱ्यालगत रेताड आणि आतल्या भागात जांभ्या दगडाची तांबडी माती, असा गोव्याचा सर्वसाधारण प्रकार. चिरे याच दगडाचे काढतात. ही माती दिसायला देखणी पण आम्लधर्मी. दरवर्षीच्या पावसाने चुना, पालाश (पोटॅश) असे क्षार धुऊन जातात, आणि मातीतले लोह स्फुरदाला (फॉस्फरसला) असे धरून ठेवते की ते मुळांना मिळत नाही. नुसते खत ओतून भाजी येत नाही ती यामुळे.

आधी माती तपासून घ्या. परसात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल, व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडून घ्या. सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवा आणि स्वच्छ पिशवीत भरा. तपासणी कृषी खात्यामार्फत होते, तशीच जुने गोवे येथे एला भागात असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडेही चौकशी करता येते. चुना किती घालायचा ते अहवाल बघूनच ठरवा. अंदाजाने ओतलेला चुना माती उलट्या बाजूने बिघडवतो.

अहवाल येईपर्यंत दोन गोष्टी निर्धास्तपणे करता येतात. चुलीची लाकडाची राख दर चौरस मीटरला एक मूठ पसरा. आंबटपणा थोडा उतरतो आणि पालाश मिळते. दुसरे, पाला. काजूची, फणसाची, आंब्याची पडलेली पाने जाळू नका. इथे जानेवारीत घरोघरी पाला पेटवतात, ते बघून मला अजून वाईट वाटते. एका कोपऱ्यात चार खांब रोवून त्यात पाला, शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा थरावर थर टाकत जा. पावसाळाभर भिजून दिवाळीपर्यंत काळे, मऊ खत होते.

वाफे एक मीटर रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. पावसाळ्यात ते एक फूट उंच हवेत आणि मधल्या चरातून पाणी उताराने निघून गेले पाहिजे. कोरड्या दिवसांत उलट, वाफा जमिनीलगत किंवा किंचित खोल, म्हणजे शिंपलेले पाणी तिथेच मुरते. वेलांसाठी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात वरची माती, पाच किलो कुजलेले शेणखत आणि दोन मुठी राख. ताजे शेण घातलेत तर हुमणी आणि वाळवी आलीच म्हणून समजा.

४. लागणारे सामान

कुदळ, पिकास, खुरपे, कोयता, घमेले, झारी. माटवासाठी, म्हणजे वेलांच्या मांडवासाठी, बांबू आणि सुंभ. नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) साठवून ठेवा. उन्हाळ्यात झाडांच्या बुडाशी पालथी मांडली की ओल टिकते. माकडे येत असतील तर नायलॉनची जाळी. महागडी अवजारे पहिल्या वर्षी घेऊ नका.

५. काय केव्हा लावायचे

*मेअखेर ते जून.* तवशी (म्हणजे काकडी), दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, चिबूड, कोहळा, तांबडा भोपळा आणि भेंडी. पाऊस लागण्यापूर्वी खड्डे भरून ठेवा, पहिल्या दोन सरी पडल्या की बी टोचा. माटव पुरुषभर उंच करा. खाली वाकून भाजी तोडावी लागली तर तोडणी टळते आणि फळे जून होतात.

भेंडी गावठीच लावा. सात शिरांची भेंडी इथली. हायब्रीडपेक्षा लांब, जाड, फिकट हिरवी, आणि पावसाला टिकते. बी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे मिळते. दोन झाडांत एक फूट, दोन ओळींत दोन फूट.

झडीच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. वेलाला फुले भरपूर, फळ एकही नाही, अशी तक्रार प्रत्येक नवा माणूस करतो. अशा वेळी नरफूल तोडून मादीफुलाच्या मधोमध हलके घासा. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखता येते. भोपळ्याचे हे काम सकाळी लवकर करायचे, दोडक्याचे संध्याकाळी, कारण दोडक्याचे फूल उमलतेच संध्याकाळी. हे मला दोन वर्षे कळले नव्हते. रोज सकाळी जाऊन मिटलेल्या फुलांशी झटत होते.

चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाभाज्यांच्या चौकटीला, बांधायला एक तवसे, एक पडवळ, एक चिबूड वेलावर राखून ठेवा. शेजाऱ्यांकडे वेल नसेल तर त्यांनाही द्या. नव्या माणसाची गावाशी ओळख अशीच होते.

*सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर.* मुख्य हंगाम हा. तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, मेथी, कोथिंबीर, वाल, अळसांदे (चवळीचा प्रकार), वांगी, मिरची, टोमॅटो. तांबड्या भाजीचे बी मोहरीहून बारीक. चिमूटभर बी मूठभर वाळूत कालवून फेका, नाहीतर एकाच जागी झुबका उगवतो. मुंग्या बी पळवतात, म्हणून वरून राख भुरभुरा. २५ ते ३० दिवसांत उपटायला येते. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरत गेलात तर फेब्रुवारीपर्यंत खंड पडत नाही.

वांगी-मिरचीची रोपे ऑगस्टअखेरीस उंच, झाकलेल्या जागी टाका. वांगे महिनाभराने, मिरची चाळीस दिवसांनी हलवता येते. आगशी गावची मोठी, मऊ वांगी कापांसाठी आणि भरतासाठी उत्तम. मिरचीत गोव्याचे दोन मानाचे वाण आहेत, काणकोणातली खोला आणि पेडण्याकडची हरमल. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. खोला मिरची तिकडे पावसाळ्यात डोंगरउतारावर घेतात, हरमल पाऊस सरल्यावर. सपाट परसात नवख्याने हरमलच्याच वेळापत्रकाने जावे.

कोबी-फ्लॉवरचा हट्ट धरू नका. थंडी पुरेशी पडत नाही, गड्डा धरेपर्यंत ऊन तापते.

६. माझी वांगी का मेली

पाणी आहे, पाने हिरवी आहेत आणि झाड मात्र एका दिवसात लोळते, हा जिवाणूंमुळे होणारा मर रोग. किनारपट्टीच्या आम्ल, ओल्या, उष्ण मातीत तो फार. खात्री करायची असेल तर मेलेल्या झाडाचा बुंधा तिरका कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरा. काही मिनिटांत कापातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली तर तोच.

यावर फवारा नाही. झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह काढून परसाबाहेर न्या. खताच्या ढिगात टाकू नका. त्या जागी पुढची दोन-तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काहीही लावायचे नाही, कारण चारही एकाच कुळातली. भेंडी, मुळा, तांबडी भाजी चालते. मी याच जागी लगेच टोमॅटो लावले होते आणि तेही गेले. आता रानवांग्यावर कलम केलेली रोपे मिळतात. रानवांग्याचे मूळ या रोगाला दाद देत नाही, त्यामुळे एकदा मर दिसलेल्या परसात दोन पैसे जास्त देऊन तीच घ्यावीत.

७. वाटेकरी

वेलभाज्यांना फळमाशी लागते. फळ बोटाएवढे झाले की कागदाची किंवा जुन्या साडीच्या कापडाची पिशवी बांधा. किडके फळ तिथेच टाकू नका. बादलीत पाण्याखाली बुडवा, नाहीतर आतल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होऊन येतात. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाली तर झाड उपटा. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. गोगलगायी रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकायच्या. मीठ वाफ्यावर भुरभुरायचे नाही, जमीन बिघडते. मोर कोवळी रोपे खुडतात आणि मोराला इजा करणे गुन्हा आहे, तेव्हा पहिले तीन आठवडे जाळी घालणे हाच उपाय.

८. चुलीपर्यंत

तांबडी भाजी धुऊन मगच चिरा, रंग पाण्यात जात नाही. कांदा, हिरवी मिरची, दोन लसूण पाकळ्या, आणि भाजी आपल्याच पाण्यात शिजवायची. झाकण ठेवायचे नाही. शेवटी मूठभर ओले खोबरे.

अळू खाजते. ते शिजवताना आंबट हवेच: आंबाडे, चिंच किंवा सोलां (कोकमाची वाळवलेली साले). देठे सोलताना हाताला तेल लावा. भेंडीची भाजी बुळबुळीत होते अशी तक्रार असेल तर तिलाही दोन सोलां घाला.

इथल्या परसाची चव ज्याला कळायला हवी त्याने खतखते करावे. अर्धी वाटी तूरडाळ शिजवून घ्या. सुरण, माडी (अळूचा कंद), करांदे, कच्चे केळे, मुळा, शेवग्याची शेंग, तांबडा भोपळा, मक्याचे कणीस, जे असेल ते मिळून एक किलो, मोठ्या फोडींनी. आधी कंद शिजवा, भोपळा शेवटी. एका नारळाचे खोबरे, पाच-सहा सुक्या मिरच्या आणि हळद एकत्र वाटून घाला. चवीला गूळ आणि सोलां. कांदा-लसूण नाही, फोडणी नाही. उतरवण्याआधी आठ-दहा तिरफळे. नवी माणसे इथेच चुकतात: तिरफळातले काळे बी काढून टाकायचे असते आणि साल नुसती ठेचून घालायची असते. वाटणात वाटलीत तर खतखते कडू होते.

माटवावर विसरलेले, पिवळे पडलेले मोठे तवसे फेकू नका. किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून त्याची तवसळी वाफवतात.

९. पुरुमेंत: पावसापूर्वीची साठवण

पावसाळ्यासाठी घर भरून ठेवणे याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला. मे महिन्यात मडगाव-म्हापशाला त्याची फेस्ते भरतात. परसवाल्यांसाठी याचा अर्थ एवढाच, की जे वाळवायचे ते शिवरात्रीपासून मेच्या मध्यापर्यंत वाळवून संपवा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात हवा दमट होते. वरून कडक ऊन दिसते, पण आतला ओलावा जात नाही. माझे सांडगे असेच गेले.

वाळवण. लाल मिरची देठासह वाळवा. देठ काढलेल्या जागेतून बुरशी शिरते. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी आत घ्या. वाळून वजन साधारण पावपट होते आणि मिरची हलवली की बी आत खुळखुळते, ही खूण. सांडग्या मिरचीसाठी कमी तिखट, जाड मिरची चिरून आत मीठ, मेथी, हिंग भरायचा. रात्री ताकात, दिवसा उन्हात, असे ताक संपेपर्यंत. कोहळ्याचा कीस पिळून वाटलेल्या उडीदडाळीत कालवला की त्याचे सांडगे होतात. बिंबलां (लांबट, आंबट फळे) मीठ लावून, सोलां आगळात (कोकमाच्या रसात) पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. काळी-हिरवी बुरशी दिसली तर पुसून, भाजून वापरू नका; अख्खा डबा टाका. तिचे विष उष्णतेने पुरते जात नाही.

खार. कैऱ्या म्हणजे तोरं. लहान, घट्ट, देठ असलेली, न आपटलेली. धुऊन पुरती कोरडी करा. चार लिटर पाण्याला एक किलो जाडे मीठ घालून उकळा, पूर्ण थंड करा. बुयांवात, म्हणजे चिनी मातीच्या मोठ्या बरणीत, तोरं भरून वर हे पाणी. त्यावर बशी आणि बशीवर धुतलेला दगड, म्हणजे काहीही तरंगत नाही. जे पाण्यावर येते तेच आधी सडते. कच्च्या फणसाचे गरेही असेच राहतात. वापरताना रात्रभर साध्या पाण्यात ठेवून खार उतरवायचा.

व्हिनेगर. वांग्याचे लोणचे ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे. एक किलो वांग्यांच्या फोडींना मीठ लावून दोन तास ठेवा, पिळा, तेलात तळा. पंधरा-वीस सुक्या मिरच्या, आले, लसूण, जिरे, मेथी, हळद हे सगळे व्हिनेगरमध्येच वाटा, पाण्याचा थेंबही नको. मसाला तेलात परतून त्यात फोडी, थोडी साखर आणि सगळे मिळून ३०० मिली व्हिनेगर. माडाच्या सुरेचे घरगुती व्हिनेगर चवीला फार सुंदर, पण त्याचा आंबटपणा दरवेळी वेगळा असतो. ते वापरलेत तर लोणचे फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवायचे तर बाटलीवर किमान ५ टक्के आम्ल लिहिलेले घ्या.

एक गोष्ट कधीही करू नका. भेंडी, वाल, अळसांदे, मका अशा आंबट नसलेल्या भाज्या नुसत्या पाण्यात उकळून हवाबंद बाटलीत भरू नका. बाटलीत हवा नसताना बोट्युलिनमचे जिवाणू वाढतात, साध्या उकळीने त्यांचे बीजाणू मरत नाहीत आणि भाजीला वास किंवा रंग काहीच येत नसला तरी माणूस दगावू शकतो. नुसत्या तेलात बुडवलेली कच्ची लसूण यातच मोडते.

टांगणी. तांबडा भोपळा आणि कोहळा देठ ठेवून काढा, धुऊ नका. सुंभाच्या शिंक्यात घालून वाशाला टांगा, एकमेकांना लागू देऊ नका. पावसाळाभर टिकतात.

१०. बी

प्रत्येक जातीचे पहिले चांगले फळ खायचे नाही, बियाला राखायचे. भेंडी झाडावरच वाळून तडकू लागली की काढायची. तवशाचे बी गरासकट दोन दिवस आंबवून धुवायचे, राखेत घोळून सावलीत वाळवायचे. मिरचीचे बी अख्ख्या मिरचीतच ठेवायचे. वांगे पिवळे होऊन मऊ पडेपर्यंत थांबायचे. मर दिसलेल्या परसातले बी मात्र ठेवू नका. सगळे कोरड्या काचेच्या बाटल्यांत, तळाला दोन बोटे राख, वर जातीचे नाव आणि महिना लिहून. निम्मे बी शेजारी द्या. माझ्या भेंडीचे बी एका पावसात भिजून गेले, तेव्हा पलीकडच्या वहिनींनी माझेच बी मला परत आणून दिले आणि आज परसात उभी आहे ती त्याच बियाची भेंडी.